कापलेला खोकला

उजव्या गालात इंजेक्शन देऊन डॉक्टरीणबाईंनी बुरुलला बाहेर बसवलं होतं. जीभ जड झाली की आत या, म्हणाल्या. दाताच्या दवाखान्याचा तो लांबट बोळ, अर्ध्या भिंतीपर्यंत हिरवा ऑइलपेंट, बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्यांची चुरचुर. बुरुल डोळे मिटून आपला ओठ नाहीसा होण्याची वाट बघत होती, आणि तो नाहीसा होत होताच, तेवढ्यात तिने स्वतःला बोलताना ऐकलं. "शाब्बास! आता पुढचं चित्र बघ. हे काय आहे बरं?" तिने दचकून तोंडावर हात ठेवला. तोंड बंद होतं. आवाज शेजारच्या बाकावरून येत होता. तिथे एका बाईच्या मांडीवर लोकरी टोपी घातलेली मुलगी बसली होती, तिच्या हातात फोन होता, आणि फोनमधून बुरुल बोलत होती. बोकड. चमचा. सफरचंद. प्रत्येक शब्द गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात, खिडकीला उशी लावून, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज अडवून म्हटलेला. "हे काय आहे बरं? पाणी." आणि बुरुलने श्वास रोखला, कारण पाण्यानंतर काय येतं ते तिला पाठ होतं. पाण्यानंतर खोकला येतो. मग आपा, तिची आई, बोलते. पण पाण्यानंतर काहीच आलं नाही. टक्‌कन पुढचं चित्र आलं. उंट.

ती झुकून त्या फोनमध्ये बघायला लागली, तशी त्या बाईला वाटलं की हिला कौतुक वाटतंय. "फार छान आहे हो," ती म्हणाली, "आणि फुकट आहे. आमच्या बालवाडीत रोज हेच लावतात. आपल्या भाषेत असं काही मिळतं कुठे? ज्या बाईंनी केलंय ना, त्या आता शहराच्या आदर्श शिक्षिका होणारेत म्हणे." तिने पोरीच्या हातातला फोन तिरका केला. खाली कोपऱ्यात एक गोल फोटो होता, गळ्यात मोत्यांची माळ, हसरा चेहरा. रचना आणि आवाज : मैरम. आवाज! बुरुलला सांगायचं होतं, बाई, हा आवाज माझा आहे. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या अर्ध्या मेलेल्या जिभेतून "आवाआ... आआझा" असं काहीतरी लाळेसकट बाहेर पडलं. मुलगी घाबरून आईला बिलगली. आई जरा सरकून बसली. फोनमधली बुरुल मात्र स्वच्छ, गोड, ठणठणीत बोलत राहिली, "वा वा! किती हुशार आहेस तू!"

दात उपटताना काहीच दुखलं नाही. घरी जाताना ती चिनारांच्या रांगेखालून, कडेच्या पाण्याच्या नाल्याशेजारून चालत राहिली आणि दुखायचं ते सगळं दुखायला लागलं. दक्षिणेकडचे डोंगर त्या दिवशी अगदी स्वच्छ दिसत होते, एप्रिल होता, कोपऱ्यावर मक्सिम, ते धान्याचं आंबट पेय, विकणारीने आपलं पिंप पहिल्यांदाच बाहेर मांडलं होतं. बुरुलला त्यातलं काही नको होतं. तिला एकच ऐकायचं होतं, आणि तेच कोणीतरी कापून टाकलं होतं. माणूस गेलं की फोटो राहतात. आपाचे तर ढीगभर होते, लग्नातले, शेतावरचे, सणावारी डोक्याला पांढरं फडकं गुंडाळून बसलेले. पण आवाज एकच होता. बुरुलचा जुना फोन याच नाल्यात पडून वाहून गेला होता, त्यात काय होतं नव्हतं ते गेलं, आणि त्या दिवशी तिला काही वाटलंही नव्हतं, कारण आपा तर शाळेत, बुरुलच्या वर्गात होती. रोज सकाळी होती. पडद्यावर ग्लासाचं चित्र आलं की बुरुलचा आवाज म्हणे, पाणी, मग आतल्या खोलीतून खोकल्याची उबळ, मग आपा, तिच्या त्या घसा बसलेल्या, हुकूम सोडणाऱ्या आवाजात : "बुरुल, आण गं थोडंसं." आणि शेवटी बुरुलचं दाबलेलं हसू. शब्दाची तालीम चाललीय हे आपाला काय माहीत. लेक पाणी म्हणाली, म्हणजे विचारतेय असं तिला वाटलं.

ते खरं तर पुसून पुन्हा म्हणायचं होतं. आज करू, उद्या करू म्हणता राहिलं, आणि मग आपाच राहिली नाही. मुलांना तर ते फारच आवडलं. पहिलीतली मुलं ती. त्यांना दिवसभर एजे, एजे, म्हणजे ताई, ताई करावं लागतं, आणि इथे एक अदृश्य आजी त्यांच्या एजेंना चक्क नावाने हाक मारते, कामाला लावते! पहिल्याच आठवड्यात सगळा वर्ग तिच्याबरोबर कोरसमध्ये ओरडायला लागला, "बुरुल, आण गं थोडंसं!" आणि बेंचांवर लोळून हसायला लागला. बुरुल खोटंखोटं रागवायची, कमरेवर हात ठेवायची, मग कोपऱ्यातल्या सुरईतून खरंच अर्धा कप पाणी ओतून टेबलावर ठेवायची. हा त्यांचा रोजचा खेळ होता. आपाचे दिवस घातले, चाळिसावा झाला, वर्षाचं जेवण झालं, बाकी सगळ्यांनी आपापले अश्रू पुसून घेतले. बुरुलला रडायची एवढी घाई वाटली नाही, कारण तिची आई रोज सव्वीस पोरांच्या देखत तिच्याकडे पाणी मागत होती.

मैरमला हे सगळं शिकवलं कोणी? बुरुलनेच. ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जायची. मैरम तेव्हा नवी होती, धाकटी, गुणाची, एजे-एजे करत मागे फिरणारी. सरकारी पुस्तकं अर्ध्या वर्गाला पुरायची नाहीत, रंगीत छपाई कोणाला परवडते, आणि बाहेरच्या देशांच्या त्या फुकटच्या साइटी होत्या : चित्रं घ्या, आवाज भरा, जोड्या लावा, चक्र फिरवा. रशियनमध्ये ढिगाने मिळायचं. किर्गिझमध्ये शोधलं तर एक उंट आणि दोन चुका. म्हणून बुरुल बसली. आपाच्या औषधांच्या वेळा सांभाळत, चहाचा बाउल गार होऊ देत, एकेक चित्र काढून त्याचा फोटो घेत, एकेक शब्द म्हणत. मैरम समोर बसायची, तळलेल्या कणकेचे बोर्सोक खात, "कसं हो सुचतं तुम्हाला, एजे!" म्हणत. आत जाऊन आपाचे पायसुद्धा दाबायची. आपाने दोन्ही तळवे उघडून, चेहऱ्यावरून फिरवून तिला आशीर्वाद दिला होता, मोठी हो म्हणून. ती झाली. उपमुख्याध्यापिका झाली. फुकटच्या खात्यात थोडेच खेळ साठवता येतात, म्हणून सगळ्या शिक्षकांनी मिळून एक शाळेचं खातं चालवायचं, ही शिक्षककक्षाची जुनी रीत. पासवर्ड सगळ्यांचा एक, प्रिंटरच्या कुशीवर चिकटवलेला, आणि कोणीही आत यावं, काहीही घ्यावं. "तुमचंही त्यातच टाका ना एजे, तुमच्या एकटीच्या खात्यात मावणार किती?" असं मैरम म्हणाली आणि बुरुलने टाकलं. पासवर्डही तिनेच ठरवला होता, आपाच्या गावाचं नाव. मैरमने आता स्पर्धेच्या तोंडावर खात्यावरचं शाळेचं नाव काढलं, स्वतःचं लावलं, मोत्यांच्या माळेचा फोटो लावला. पासवर्ड बदलायचं तिच्या डोक्यात आलं नाही. तिचा फोन तिला न विचारताच दार उघडायचा. दाराला कुलूप आहे हेच ती विसरली होती.

दुसऱ्या दिवशी शिक्षककक्षात मैरमनेच तिला गाठलं. हातात कागद, अंगाला नव्या अत्तराचा वास. "एजे, दात कसा आहे? गाल अजून सुजलाय की!"

"दात गेला," बुरुल म्हणाली.

"सुटलात एकदाच्या. बरं, शुक्रवारी तुमचा वर्ग लागेल मला. खुला तास आहे, आदर्श शिक्षिकेच्या स्पर्धेची समिती तास बघायला येतेय. मला आता वर्ग कुठे उरलाय? आणि तुमची मुलं कशी, चुणचुणीत. माझी अब्रू राखतील." आणि मग आवाज जरा खाली आणून, "दोन दिवस तालीम घेते त्यांची. तुम्ही मागे बसा निवांत."

खिडकीशी बसलेल्या गणिताच्या बाईंनी वह्यांतून मान वर केली नाही. म्हणजे त्या ऐकत होत्या.

"त्या चित्रांवर तुमचं नाव आहे, मैरम," बुरुल म्हणाली. चारचौघांत ती हिला तुम्ही म्हणायची, पद मिळाल्यापासून. "आवाज माझा आहे."

"म्हणून तर गोड आहे!" मैरम खळखळून हसली. तिच्या हसण्यात काही खोट नव्हती, हेच भयंकर होतं. "अहो एजे, कुणाचं तरी नाव टाकावंच लागतं, नाहीतर समितीपुढे काय नेणार, प्रिंटर? आणि फुकटातल्या वस्तूला कसली आलीय मालकी? तुम्ही तरी ते चक्र कुठून घेतलंत? साइटवरूनच ना? मी जिंकले तर शाळा जिंकली. शाळा म्हणजे तुम्हीच की."

"पाण्यानंतर एक आवाज होता."

"हो, ते बरं आठवलं. मागे कुणीतरी खोकत होतं, म्हातारी बाई ओरडत होती. ते कापून घेतलं मी. समितीपुढे घरातला कचरा कशाला?" तिने बुरुलच्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच दाबला, जसे आपाचे पाय दाबायची तसा, आणि अत्तर मागे ठेवून निघून गेली.

त्या क्षणापासून बुरुलने डूख धरला. याआधी तिला राग आला होता. राग तिला पुष्कळदा यायचा, पावाच्या रांगेत, मिनीबसमध्ये, आणि तो सूप गार व्हायच्या आत जायचाही. हे वेगळं होतं. हे थंड होतं आणि त्याला भूक होती. ती पोरांना अक्षरं शिकवत होती आणि मनात मैरमच्या गळ्यातली मोत्यांची माळ तोडत होती, मोती फरशीवर घरंगळत होते, समितीतली माणसं त्यांवरून घसरत होती. हिला तो आवाज कोणाचा ते ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक असून कापला असेल तर ही सैतान. आणि पाय दाबूनही विसरली असेल तर? बुरुलला ठरवता येईना यातलं वाईट कोणतं, आणि दोन्हींची शिक्षा एकच करायची असं तिने ठरवलं. मधल्या सुट्टीत तिला भिंतीपलीकडून मैरमची तालीम ऐकू यायची. खुल्या तासाची ती पुरातन युक्ती, जी आपल्या आजोबांच्या काळापासून प्रत्येक शाळेत चालत आलीय आणि जी प्रत्येक समितीला ठाऊक असते, कारण समितीतली माणसंही कधीतरी पोरं होतीच : "प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. कळलं? आणि पाण्याच्या वेळी ओरडायचं नाही. कोणी ओरडलं तर बघा. ती आजी आता नाहीये." भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बुरुलने हे शेवटचं वाक्य ऐकलं. पोरांना हातांची अदलाबदल शिकवावी, डावा तो उजवा करावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण पोरं चुकतात. तिला न चुकणारं काहीतरी हवं होतं.

गुरुवारी संध्याकाळी तिने शाळेतून आल्याबरोबर कढई ठेवली. गुरुवारी तेल तापवून त्यात पोळ्या तळायच्या, सात, आणि घरभर वास सोडायचा. गेलेली माणसं तो वास घेऊन जातात, दुसरं काही त्यांना लागत नाही. आपा स्वतः हे कधी चुकवायची नाही. तेल तडतडत असताना बुरुलने फोन ओट्याच्या कडेला उभा केला आणि पासवर्डच्या जागी आपाच्या गावाचं नाव लिहिलं. कोचकोर. दार उघडलं. इतकं सहज उघडलं की तिला चोर आपणच आहोत असं वाटून हसू आलं. मैरमचा गोल फोटो, मैरमची माळ, आणि खाली आपले बोकड, आपले चमचे, आपला उंट. ग्लासाच्या चित्रावर नवा, कापलेला तुकडा होता. मग तिने कचरापेटीचं चित्र दाबलं. या साइटींना एक बरी खोड असते. टाकलेलं लगेच जाळत नाहीत, काही दिवस ठेवतात. आणि तिथे, मैरमच्या फेकलेल्या चुकीच्या चित्रांमध्ये, तो होता. घरातला कचरा. तिने दाबलं. पाणी, ती म्हणाली. खोकला आला. आणि मग आपा, तेलाच्या वासात, तिच्याच ओट्याशी : "बुरुल, आण गं थोडंसं."

पोळी करपली. बुरुल फरशीवर बसून राहिली, आणि मग उठून तिने तो आवाज आधी स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतला, मग आणखी एकदा, मग भावाला पाठवून दिला, काही न सांगता. आता तो कोणाच्या बापाला कापता येणार नव्हता. इथे थांबता आलं असतं. शहाणी बाई थांबली असती. पण बुरुलला आपा परत मिळाल्याने मैरमवरचा राग कमी झाला नाही, उलट त्याला बसायला नीट जागा मिळाली. तिने टेबल साफ केलं, खिडकीला उशी लावली, आणि ग्लासाच्या चित्रासाठी नवा तुकडा म्हणायला घेतला. "हे काय आहे बरं? पाणी. आणि या पाण्याशेजारी उभी आहे ती चोर आहे." ऐकून बघितलं. फारच पुस्तकी. पुन्हा. "मान्यवर समिती, या सर्व खेळांची रचना मी, बुरुल..." हे तर तक्रारपेटीत टाकायचं पत्र झालं. मग तिने लाज सोडली आणि आपा बाजारात ज्या शिव्या द्यायची त्यांतल्या काढल्या, तुझी चूल विझो, तुझ्या दारात गवत उगवो, तुझ्या जिभेला फोड येवो, आणि त्या म्हणताना तिला इतकं गार गार वाटलं की ती त्या तीनदा म्हणाली. तरी ऐकताना आवाज बारीकच येत होता, मागच्या बाकावरून "एजे, हिने माझा रबर घेतला" म्हणणाऱ्या पोरीसारखा. शेवटी पहिलाच, थंड, चोर हा शब्द असलेला तुकडा तिने ठेवला. तो उद्या दुसऱ्या फेरीत चढवायचा. पहिली फेरी मैरमला गोडीत खेळू द्यायची, समितीला माना डोलवू द्यायच्या. मग ती "पुन्हा सुरू" दाबेल, पडदा नव्याने सगळं मागवून घेईल, आणि पाणी येईल. बुरुलने उरलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

शुक्रवारी वर्गात खिडक्या पुसलेल्या होत्या, पोरींच्या वेण्यांना पांढरे फुगेदार बो होते, आणि समितीसाठी शिक्षककक्षातल्या चांगल्या खुर्च्या आणलेल्या होत्या. समितीच्या प्रमुख कलीपा-एजे म्हणजे पिकल्या केसांच्या, जाड भिंगांच्या बाई, पायांना सूज, चेहऱ्यावर आयुष्यभर खुले तास बघून आलेला कंटाळा. बुरुल सगळ्यांत मागे, कपाटाला टेकून, पोरांच्याच ठेंगण्या बाकावर गुडघे वर करून बसली. मांडीवर फोन. मैरम देखणी दिसत होती, हे कबूल करावं लागेल. तिला शिकवताही छान यायचं. बुरुलला याचाच जास्त संताप आला. हिला हे सगळं स्वतः करता आलं असतं.

"हे काय आहे बरं?" पडद्यातली बुरुल म्हणाली, आणि हातांचं रान उगवलं, उजवे, डावे. बोकड. चमचा. कलीपा-एजेंचा कंटाळा थोडा मागे सरला. "आवाज फार आपलेपणाचा आहे हो तुमचा," त्या मैरमला म्हणाल्या, आणि मैरमने मान खाली घालून ते घेतलं. शेजारचे दोघे लिहीत होते. मग ग्लास आला. "पाणी," आवाज म्हणाला, आणि मग ती रिकामी जागा आली. बुरुलने मागून बघितलं : सव्वीस मानांमध्ये काहीतरी हललं. पोरांनी ओठ घट्ट मिटले होते, खांदे वर चढले होते, कोणी तोंडावर हात ठेवला होता. सगळ्यांनी आवरलं. पहिल्या बाकावरच्या अदिनायला मात्र आवरलं नाही. तिच्या तोंडून बारीक आवाजात निसटलं, "...आण गं थोडंसं," आणि ती स्वतःच दचकून रडवेली झाली.

"काय म्हणालीस, बाळ?" कलीपा-एजे पुढे झुकल्या.

मैरम एका क्षणात हसली. ती फार चपळ होती. "काही नाही एजे, आधी तिथे एक आवाज होता. आमच्या घरातली म्हातारी. मी बोलत होते आणि ती मागून मध्येच बोलली. मुलांना फार आवडायचं, पण मीच काढला. वाटलं, तुमच्यापुढे बरं दिसणार नाही." आणि हे म्हणताना तिची नजर, फक्त डोळा लवेल एवढा वेळ, मागच्या बाकावर येऊन गेली. म्हणजे ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

"अहो, पण तेच तर हवं!" कलीपा-एजे म्हणाल्या. चष्मा काढून त्या पुसू लागल्या. "घरातलं माणूस, घरातली भाषा. ते काढलंत होय? परत घाला बरं. आहेत ना अजून तुमच्या आजी?"

"गेल्या," मैरम म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी योग्य ठिकाणी घोगरा झाला. समितीतल्या पुरुषाने पेन खाली ठेवलं. खुर्च्यांमधून सहानुभूतीची कुजबुज गेली. आपाच्या मरणाचं सांत्वन मैरमने उभ्या उभ्या वसूल करून घेतलं.

बुरुलच्या अंगठ्याखाली चोर हा शब्द तयार होता. नुसतं दाबायचं होतं. आणि तिला एकदम लख्ख कळलं की या बाईकडे तक्रारीला उत्तर असतं. चोर म्हटलं तर ती डोळ्यांत पाणी आणेल, म्हणेल, बिचाऱ्या एजे, आई गेल्यापासून असंच करतात. आणि कलीपा-एजे मान हलवतील, आणि बुरुल उभ्या शाळेत कायमची ती हेवेखोर बाई होऊन बसेल. माझ्या बोलण्याला हिच्याकडे उत्तर आहे. आपाच्या बोलण्याला काय देणार? बुरुलने आपला तुकडा बाजूला सारला. कचरापेटी उघडली. जुनं परत ठेवा, असं होतं तिथे. तिने दाबलं. छोटंसं चक्र फिरलं, आणि थांबलं.

"एजे, पुन्हा! पुन्हा!" पोरं ओरडली, कारण दुसरी फेरी वेगाची असते. मैरमने प्रसन्नपणे "पुन्हा सुरू" दाबलं. बोकड. चमचा. सफरचंद. बुरुलची जीभ उपटलेल्या दाताच्या जागी सारखी जात होती. ग्लास आला. "पाणी." मग खोकला. मोठा, ओला, भिंतीला आपटणारा, त्या हिवाळ्यातला. मैरमचा हात हवेतच राहिला.

"बुरुल, आण गं थोडंसं."

आणि मग कोणाला कोण आवरणार! सव्वीस पोरं बाकांवर उभी राहून, आजी सापडल्याच्या आनंदात, ओरडली, "बुरुल, आण गं थोडंसं!" आणि पडद्यातून बुरुलचं ते दाबलेलं हसू आलं, आणि सगळी पोरं एकदम, शिकवल्यासारखी, मागे वळली. पांढरे बो, पडके दात, लाल कान, सगळे कपाटाकडे बघत होते. पोरांच्या मागोमाग समितीही वळली.

कलीपा-एजेंनी गलका ओसरू दिला. त्यांनी एकदा मैरमकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग पोरांना विचारलं, सावकाश, जुन्या शिक्षिकेच्या पद्धतीने, "ही बुरुल कोण, कोण सांगेल मला?"

हात वर गेले. बुरुलने मागून सगळे बघून घेतले. एकूण एक उजवे होते.

"आणि ती आजी?"

"एजेंची आई!" अदिनाय म्हणाली. "ती रोज पाणी मागते. मग एजे देतात."

मैरम काहीतरी सांगायला गेली. खातं शाळेचं आहे, असं काहीसं असावं. पण पहिल्याच अक्षराला तिला ठसका लागला. तोंडावर रुमाल धरून ती खोकू लागली, मान लाल, डोळे भरलेले, मोत्यांची माळ खालीवर होत होती, आणि खोकला काही थांबेना. कोणी उठलं नाही. समितीतल्या पुरुषाने पेन पुन्हा उचललं होतं.

बुरुल उठली. ठेंगण्या बाकावर बसून पाय आखडले होते, तरी तिला घाई नव्हती. ती बाकांच्या मधल्या वाटेने चालत पुढे गेली, कोपऱ्यातल्या सुरईशी वाकली, रोजच्याच कपात रोजच्याइतकं पाणी ओतलं. पोरं कपाकडे बघत होती. खेळातला हा भाग त्यांना पाठ होता. मैरमने डोळे वर केले. त्या डोळ्यांत विनवणी होती, आणि बुरुलने ती पुरती बघून घेतली, घोट घोट करून, आणि तिला तिची कीव आली नाही.

तिने कप पुढे केला.

"घे गं," ती म्हणाली, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात. "थोडंसंच आहे. माझ्या आईचं आहे."